फितुराची पावलं

आवाजघरात शिरण्याआधी मोबाइल दारातल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा, असा नियम होता. नियम सगळ्यांना सारखाच, त्यामुळे सगळेच एकमेकांच्या खिशांकडे टकामका बघत आत शिरायचे. चाहूलही बघायची. आधी नाही, पण त्या सोमवारी पेपरात ते छापून आल्यापासून तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

चाहूल हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते काकांनी पाडलेलं. काका म्हणजे आवाजघराचे मुख्य. सगळा स्टुडिओ त्यांना काका म्हणायचा, अगदी त्यांच्यापेक्षा वयानं मोठा असलेला रखवालदारसुद्धा. ही पोरगी पहिल्यांदा कामाला आली तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली तरी कुणाला पत्ता लागला नव्हता, आणि काका दचकून म्हणाले होते की बाई, येण्याआधी जरा चाहूल तरी देत जा. झालं, तेच नाव चिकटलं. आणि गंमत अशी, की तिचं कामच मुळी चाहूल देण्याचं होतं.

टीव्हीवर माणूस जिना चढतो तेव्हा जी पावलं ऐकू येतात ती त्याची नसतात. शूटिंगच्या वेळी माईक फक्त बोलणं पकडतो. चालणं, कप ठेवणं, खुर्ची सरकवणं, कपड्यांची सळसळ, हे सगळं नंतर एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत बघत कुणीतरी दुसरंच माणूस करतं. ते दुसरं माणूस म्हणजे चाहूल. खोलीच्या जमिनीवर एका चौकटीत लाकडी फळ्या, एकीत फरशी, एकीत खडी. भिंतीला बुटाचपलांचं कपाट. पडद्यावर डॉक्टर आला की तिनं जड बूट चढवायचे, शाळेतल्या बाई आल्या की टाचांचे. दोन पायांवर चार माणसांचा संसार चालला होता म्हणा ना. काचेपलीकडे काका कानांना हेडफोन लावून बसायचे आणि पास की नापास ते सांगायचे.

मालिकेचं नाव 'पुलाच्या अलीकडे'. युद्ध चालू आहे, नदीकाठचं छोटं गाव आहे, नदीवर पूल आहे आणि पुलापलीकडे शत्रू. गावातून सैनिकांची गाडी कधी सुटते ते पलीकडे दर वेळी आधीच कळतं. एकाच घरात राहणाऱ्या चौघांपैकी कुणीतरी फितूर आहे: तारमास्तर, डॉक्टर, शाळेतल्या बाई, नाहीतर तारमास्तरांची वहिनी. कोण ते शेवटच्या भागात कळणार. अख्खं शहर ह्या एका प्रश्नावर भांडत होतं. नळावर, बसमध्ये, दाढीच्या दुकानात, जिथे बघाल तिथे. डॉक्टरचं काम करणाऱ्या नटाला तर भाजीवालीनं भाजी द्यायला नकार दिला होता.

दिग्दर्शन करणाऱ्या मॅडमनी शेवट चार वेगवेगळे शूट केले होते, म्हणजे नटांनाही खरं कळू नये. खरा शेवट माहीत होता तो चारच जणांना. मॅडम, संकलक, काका आणि चाहूल. फितूर होती वहिनी. तीच ती, सगळ्यांना वाढून मग स्वतः जेवणारी. तिचं सासर पुलाच्या अलीकडे, माहेर पलीकडे. नवरा इकडच्या सैन्यात, आणि धाकटा भाऊ तिकडच्यांच्या कैदेत. भाऊ जिवंत राहावा म्हणून ती गाड्यांच्या वेळा कळवायची, आणि दर गाडी सुटताना हिच्यात आपला नवरा तर नसेल ना म्हणून दारात उभी राहायची. ते दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चाहूलच्या हातातले बूट तसेच हातात राहिले होते.

तर त्या सोमवारी पेपरात मोठ्या अक्षरांत छापून आलं, 'फितूर वहिनीच'. पुढे प्रश्नचिन्ह असतं तर मॅडमनी हसून सोडून दिलं असतं. प्रश्नचिन्ह नव्हतं.

मॅडम चिडल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. त्या दिवशी तो इतका उतरला होता की सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं. चौघांपैकी एक मी आहे, त्या म्हणाल्या, आणि मी सांगितलेलं नाही. राहिले तिघे. एवढं बोलून त्या निघून गेल्या, आणि उरलेले तिघे चहाचे कप हातात धरून एकमेकांकडे बघत राहिले. चहा कुणीच प्यायला नाही.

त्यानंतर स्टुडिओत जे सुरू झालं ते मालिकेपेक्षा भारी होतं. बंद खोलीत कुणी खोकलं तरी बाहेरच्याला त्यात इशारा दिसायचा. संकलकानं नवा चष्मा केला होता, तर चाहूलच्या डोक्यात लगेच आलं, की नेमका आत्ताच बरा नवा चष्मा परवडला ह्याला. मग तिला आठवलं की जुना तिच्याच पायाखाली येऊन फुटला होता. संशय एकदा डोक्यात शिरला की असा सुतावरून स्वर्ग गाठतो. आणि संकलक तिच्याकडे कसा बघत होता? अगदी तसाच. कारण चाहूलच्या घरातच एक कच्चा दुवा होता, आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. तिच्या धाकट्या बहिणीचं ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो पोरगा त्याच पेपरात होता. सिनेमा-टीव्हीच्या पानावर.

चाहूलनं देवाशपथ घरी एक अक्षर सांगितलं नव्हतं. धाकटीनं लाडीगोडी लावली, रुसून पाहिलं, एकदा तर तिच्या डब्यात चिठ्ठी ठेवली, की ताई, नुसतं मान हलव, डॉक्टर आहे का. चाहूलनं मानसुद्धा हलवली नव्हती. ह्या मालिकेत पहिल्यांदाच तिचं नाव पडद्यावर एकटीच्या पाटीवर येणार होतं, शेवटच्या भागाच्या शेवटी. त्या पाटीसाठी ती तोंडाला कुलूप लावून बसली होती.

मग सांगितलं कुणी?

मंगळवारी उत्तर मिळालं, निदान मॅडमना तरी. रखवालदारानं येऊन सांगितलं की काकांकडे दुसरा मोबाइल आहे. पहिला ते डब्यात टाकतात, नियमानं, सगळ्यांसमोर. दुसरा पिशवीत असतो, तो घेऊन ते मागच्या जिन्यात जातात आणि भिंतीकडे तोंड करून बोलतात. मॅडमनी काकांना बोलावून सरळ विचारलं, की कुणाला फोन करता? काका म्हणाले, घरगुती आहे. घरगुती म्हणजे काय? काका ताकास तूर लागू देईनात. मॅडम म्हणाल्या, नंबर दाखवा. काकांनी मोबाइल खिशात घातला, खुर्चीवरची उशी नीट केली, आणि घरी निघून गेले. शेवटच्या भागाचे सगळे आवाज एकत्र बसवायचं काम, म्हणजे मिक्सिंग, अजून बाकी होतं.

चाहूलला खरं तर मॅडमचा राग यायला हवा होता. पण तिला एक गोष्ट आठवली आणि ती गोष्ट नखात काटा जावा तशी सलत राहिली. महिन्याभरापूर्वी ती मागच्या जिन्यानं वर येत होती. तिच्या पावलांचा आवाज तसाही कुणाला येत नाही. वरच्या वळणावर काका भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात सांगत होते, "नाही, स्टुडिओत कुणाला कळता कामा नये." तिला पाहिल्यावर त्यांनी फोन कानावरून काढून पाठीमागे धरला होता. लहान मुलानं खाऊ लपवावा तसा.

ज्या माणसानं तिला टाच कशी टेकवायची ते शिकवलं, त्याच्याबद्दल ती संध्याकाळभर वाईटसाईट विचार करत राहिली. मग तिला स्वतःचाच राग आला. मग पुन्हा काकांचा. आणि घरी पोचेपर्यंत तो सगळा राग धाकटीच्या नावावर जमा झाला होता, कारण घरी तीच होती.

धाकटी इस्त्री करत होती. टेबलावर उशीचे अभ्रे, बाजूला टीव्ही चालू. चाहूलनं चपला काढायच्या आधीच विचारलं, की तुझ्या त्यानं ती बातमी कुठून आणली. धाकटी म्हणाली, "माझ्या त्याला नाव आहे, आणि तू नेहमी बातमीदारच म्हणतेस."

"बरं, बातमीदारानं कुठून आणली?"

धाकटी इस्त्री उभी ठेवून म्हणाली, "माझ्याकडून."

चाहूल मटकन खुर्चीवर बसली. तिनं आधी हळू, मग मोठ्यानं, मग पुन्हा हळू विचारलं की तुला कुणी सांगितलं, काकांनी? ते घरी फोन करायचे का? धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. काका कशाला फोन करतील, ती म्हणाली, मी त्यांना आयुष्यात दोनदा भेटलेय.

"मग कुणी?"

"तूच."

चाहूल म्हणाली की मी मेले तरी सांगितलं नसतं. धाकटी म्हणाली, तोंडानं नाही ग. आणि तिनं मोबाइलवर मालिकेतला एक भाग काढला. अंधारा बोळ. पुलापलीकडे जाणारा निरोप भिंतीच्या फटीत कुणीतरी ठेवून गेलंय. माणूस दिसत नाही, नुसती भिंत दिसते आणि लांब जाणारी पावलं ऐकू येतात. मॅडमनी मुद्दाम सांगितलं होतं, की कुणाचीही वाटतील अशी पावलं द्या, बाईची का पुरुषाची तेही कळू नये. म्हणून चाहूलनं साधे कॅनव्हासचे बूट घातले होते, ह्या चौघांपैकी कुणाचेच नाहीत असे.

"डोळे मिट," धाकटी म्हणाली.

पावलं भराभर गेली. मग बोळाच्या तोंडाशी, दारापाशी, एक पाय जरासा मागे राहिला. चवडा टेकलेला, टाच अधांतरी. एक श्वासभर. मग टाच खाली आली आणि पावलं दाराबाहेर पडली.

"आई," धाकटी म्हणाली.

त्यांची आई अशीच चालायची. घरभर भराभर, आणि प्रत्येक दाराशी एक श्वास थबकायची, आत पोरी भांडतायत का झोपल्यात ते ऐकायला. आई जाऊन बराच काळ लोटला होता. वहिनीला चाल हवी होती तेव्हा चाहूलनं ती चाल दिली होती, कुणाला न सांगता. धाकटीनं पहिल्याच भागात ती ओळखली. दर आठवड्याला वहिनी स्वयंपाकघरात जायला निघाली की ती डोळे मिटून बसायची. आणि बोळातली पावलंही तीच निघाली. वहिनीशिवाय आईसारखं कोण चालणार ह्या मालिकेत? धाकटीनं ते आपल्या ठरलेल्याला सांगितलं, पण आईबद्दल सांगता सांगता, रडत रडत. तो बातमी करेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आता ती त्याच्याशी बोलत नव्हती, आणि लग्नाचं काय ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चाहूल अख्ख्या स्टुडिओच्या खिशांत फितूर शोधत हिंडली, आणि फितूर तिच्या बुटांत होता. झालं होतं असं, की शेवटच्या भागाच्या आवाजाला मॅडमना सगळ्यांत जास्त वेळ हवा होता, म्हणून पावलांसाठी तो सगळ्यांत आधी आला. बोळाचं दृश्य त्यानंतर आलं. तोवर फितूर कोण हे तिच्या डोक्याला माहीत होतं, आणि डोक्यानं पायांना कधी सांगून टाकलं ते तिला कळलंच नाही. दाराची चौकट दिसली, पाय थबकला.

बुधवारी सकाळी ती काकांच्या घरी गेली. कालपासून मनात धरलेलं सगळं त्यांच्या पायाशी ओतायचं, असं ठरवून. बेल वाजवली. आत टीव्ही एवढ्या मोठ्यानं चालू होता की बातम्या वाचणारी बाई जिन्यात उभी आहे असं वाटावं. दार कुणी उघडेना. तिसऱ्या बेलला शेजारच्या बाईंनी डोकं बाहेर काढून सांगितलं की काकू दुकानात गेल्यात, त्या आल्याशिवाय दार काही उघडणार नाही, नाहीतर तू जोरात थाप मारून बघ. चाहूलनं थाप मारली. मग लाथ मारली. तेव्हा कुठे काका आले.

काकांनी तिला बसवलं, पाणी दिलं, टीव्ही बंद केला. ती सांगत होती आणि ते मान डोलावत होते. हो हो. असं का? हो. सांगून झाल्यावर तिनं मोबाइलवर बोळ लावला आणि टेबलावर ठेवला. काका पडद्याकडे लक्ष देऊन बघत राहिले. संपल्यावर म्हणाले की छान झालंय काम, बूट योग्य निवडलेस.

चाहूल त्यांच्याकडे बघत राहिली. तिनं मोबाइल उचलून त्यांच्या डाव्या कानाला लावला आणि पुन्हा सुरू केला. काकांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. उजव्या कानाला लावला. काकांनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि बोळ अर्ध्यावर येईतो त्यांचे डोळे मोठे झाले.

"वहिनी," ते म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं.

डावा कान गेल्या वर्षापासून गेला होता. उजवा चालू होता, पण बारीक आवाज त्यातूनही गळून पडायचे. अधांतरी राहिलेली टाच, श्वास, कापडाची सळसळ, सगळं. जिन्यातले फोन कानाच्या डॉक्टरला होते. फोनच्या पलीकडचं नीट ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजाचा दुसरा मोबाइल घेतला होता. काचेपलीकडे चाहूल चालायची तेव्हा ते तिचे पाय बघून पास करायचे. पायांवर त्यांचा विश्वास होता.

चाहूल उठलीच. आत्ता जाऊन मॅडमना सांगते, ती म्हणाली, की फोन डॉक्टरला होते आणि बातमी माझ्या पायांनी फोडली. एका मिनिटात तुमचं नाव धुऊन निघेल. काकांनी तिचा हात धरला. घट्ट.

"मला फितूर म्हणतील तर मालिका संपेपर्यंत म्हणतील. बहिरा म्हणतील ते मरेपर्यंत. आवाजवाला आहे मी."

मग माझं काय होईल, असं चाहूलनं विचारलं नाही. पण मनात आलं. ते काकांना ऐकू आलं असणार, कारण ते म्हणाले की तू तुझं सांगू नकोस, माझ्यावर आळ आलाच आहे, त्यात आणखी तुझा बळी कशाला. थोडे दिवस बोलतील, मग विसरतील. ती बाहेर पडली तेव्हा तिच्या डोक्यात एवढंच होतं, की काकांना उद्या सगळीकडे चोर म्हणतील, आणि तिची पाटी झळकेल. हे तिनं वहिनीसारखं निमूट गिळायचं का? वहिनीचं निदान भावासाठी तरी होतं.

दुपारी ती मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम एकट्याच होत्या. संकलकालाही त्यांनी त्या दिवशी बाहेर बसवलं होतं. चाहूलनं हेडफोन त्यांच्या हातात दिले आणि वहिनीची स्वयंपाकघरातली चाल ऐकवली. मग बोळ. मग पुन्हा स्वयंपाकघर. मॅडमनी हेडफोन काढले आणि फार हळू आवाजात विचारलं की हे घरी कुणी ओळखलं. चाहूलनं आईचं सांगितलं. धाकटीचंही. मॅडमच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, आणि पुन्हा बंद झालं.

"म्हणजे काका निर्दोष," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग हे पास कसं केलं त्यांनी? तुझी बहीण घरी बसून ओळखते. हेडफोन लावून बसलेल्या काकांना कळलं नाही?"

चाहूलच्या पायाखालची फरशी सरकली. सगळं सांगायचं ठरवून ती आली होती, फक्त हे सोडून, आणि मॅडमनी बोट नेमकं तिथेच ठेवलं होतं. तिनं तोंड उघडलं आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. कळलं होतं, ती म्हणाली. काका म्हणाले होते की ही वहिनी वाटते, बदल. बदलून नवी पावलं दिली. पण मला जुनीच आवडत होती, म्हणून काका जेवायला गेल्यावर मीच जुनी परत जोडली. त्यांना न विचारता.

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. सोमवारपासून सगळ्यांनी एकमेकांकडे जसं बघितलं होतं तसं. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. काका आत्ता यायचेत, त्या म्हणाल्या, त्यांचं सामान न्यायला बोलावलंय. आपण त्यांनाच विचारू. तू इथेच थांब, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

खिडकीपाशी उभी राहून चाहूल घामाघूम झाली. खाली जाऊन काकांना गाठावं, तर दार मॅडमच्या पाठीशी. फोन करावा, तर मोबाइल डब्यात. आणि केला तरी ऐकू आला असता की नाही कुणास ठाऊक. काका आले ते हातात रिकामी पिशवी घेऊन, त्यांच्या स्वतःच्या बुटांच्या दोन जोड्या कपाटात होत्या तेवढ्या न्यायला. मॅडमनी बसा म्हटलं. ते उभेच राहिले.

मॅडमनी मुद्दाम गोल फिरवून विचारलं. बोळाच्या दृश्यात चाहूलनं पहिल्यांदा दिलेली पावलं ऐकून तुम्ही तिला काही बोलला होता का? मॅडम रागात होत्या, म्हणजे आवाज तळाला गेलेला. चाहूलला स्वतःलाच शेवटचे शब्द नीट लागले नाहीत.

काका मॅडमकडे बघत नव्हते. ते चाहूलकडे बघत होते. तिनं मान हलवली नाही, भुवई हलवली नाही, श्वाससुद्धा घेतला नाही.

"हो," काका म्हणाले. "बोललो होतो."

"काय?"

 पंख्याचा आवाज. काकांनी पिशवीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"बदलायला सांगितलं होतं."

मॅडमनी खांदे खाली सोडले. काकांची त्यांनी माफी मागितली. अगदी नीट, उभं राहून. जिन्यातले फोन हे तुमचं खासगी आहे, मी विचारायला नको होतं, असंही म्हणाल्या. मिक्सिंग आजच सुरू करा, आणि शेवटच्या भागाच्या सुरुवातीला बोळाचं दृश्य पुन्हा दाखवतो आहोत, तिथली पावलं बदला, डॉक्टरच्या बुटांत, म्हणजे लोकांचा संशय पुन्हा फिरेल, तुम्ही स्वतः चाला. मग चाहूलकडे वळल्या. तिनं आता घरी जावं. शेवटच्या भागाच्या पाटीवर तिचं नाव नसेल. चूक झाली असती तर मी समजून घेतलं असतं, त्या म्हणाल्या, पण तू सांगितलेलं ऐकलं नाहीस आणि पाठीमागून बदललंस. अशा माणसाला मी खोलीत कसं ठेवू?

चाहूलला ओरडून सांगावंसं वाटलं की मी तसलं काही केलेलं नाही. ती मुकाट्यानं बाहेर पडली. डब्यातून मोबाइल घेतला. मागच्या जिन्यात वळणावर काका उभे होते.

ती त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि विचारलं की मॅडमनी काय विचारलं ते कळलं होतं का तुम्हाला.

"अर्धं," काका म्हणाले. "म्हणून तुझ्या तोंडाकडे बघितलं. चोरी करून आल्यासारखं तोंड केलं होतंस. म्हटलं, पोरीनं आपल्यासाठी काहीतरी थाप ठोकलीय, आपण हो म्हणावं."

"आणि बदलायला सांगितलं, ते?"

"दुसरं काय सांगणार? वहिनी ऐकू आली असती तर तेच सांगितलं असतं."

चाहूलला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यानं ती नुसतीच शिंकली. काका म्हणाले की शेवटचा भाग लागू दे. लागला की दुसऱ्या दिवशी मी स्वतः मॅडमना कानाचं सांगतो, तुझं नावही साफ करतो. तोवर तू फितूर.

"नक्की सांगाल?"

"हो."

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. हे हो ऐकून म्हटलेलं होतं की नुसतंच, की आत्तापुरतं तिला बरं वाटावं म्हणून? उजव्या बाजूनं विचारलं होतं, म्हणजे ऐकू तर आलं असणार. पण ऐकू येणं वेगळं. आवाजवाल्याला बहिरा म्हणवून घेणं सोपं नव्हतं, आणि काका भले माणूस होते म्हणून घाबरट नसतील असं थोडंच आहे? आठवडाभरापूर्वी तिला हा प्रश्न पडलाच नसता.

वरून संकलकानं काकांना हाक मारली. एकदा, दोनदा. काकांचं लक्ष नव्हतं. चाहूलनं त्यांच्या दंडाला हात लावला आणि वर बोट दाखवलं.

दोन पायऱ्या चढून काका थांबले. डॉक्टरकडे उद्या सकाळी जायचं होतं, ते म्हणाले, पण तिथली मुलगी नाव पुकारते ते ऐकू येत नाही, मागच्या खेपेला दोनदा नंबर गेला. काकूला सांगितलं तर ती सगळ्या बिल्डिंगला सांगेल.

"मी येते," चाहूल म्हणाली. "मला काय, आता सुट्टीच आहे."

"साडेनऊला. उशीर करू नकोस."

काका वर गेले. ती खाली उतरली, मुद्दाम टाचा आपटत, मोठ्यानं, पार खालच्या दारापर्यंत.